टेबलावरची निळी बस

आमच्या लेकीच्या, सोल्हीच्या बाबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विशीत कागद कारखान्यात नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत तांदळाच्या वड्या वाटल्या. तेव्हा ह्यांचं ध्येय एकच, आईची मान ताठ राहावी. तिशीत विभागप्रमुख व्हायचं होतं. झाले, आणि घरी फक्त झोपायला येऊ लागले. चाळिशीत साहेबाच्या खुर्चीवर डोळा होता. ती साहेबाच्या भाच्याला मिळाली. पन्नाशीत म्हणायचे, "काही नको, फक्त काढून टाकू नका म्हणजे झालं."

साठीला निवृत्त झाले. दोन महिन्यांनी कारखान्याचा निरोप आला, सल्लागार म्हणून परत या, सोमवारी होकार कळवा. माणसाने खूश व्हावं ना? ह्यांचा चेहरा सुतकी. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पोहायला जातो म्हणून बाहेर पडायचे, पण केस कधी ओले नसायचे. विचारलं तर म्हणे टोपी घालतो. मी काय कालची पोर आहे?

रविवारी नातवाचा, युहानचा, पहिला वाढदिवस होता. आमच्याकडे रीतच आहे, त्या दिवशी बाळापुढे वस्तू मांडायच्या, ज्याला हात घालेल ते त्याचं पुढचं आयुष्य. विहीणबाईंनी डॉक्टरची नळी आणली, जावयाने न्यायाधीशाचा हातोडा, मी लांब आयुष्यासाठी सुताची लडी. जो तो आपलं राहून गेलेलंच पोराच्या पुढ्यात मांडतो म्हणा. सगळं लावून वळले, तर मधोमध एक निळी खेळण्यातली बस.

"ही कुणी ठेवली?" सोल्हीने विचारलं.

"दुकानात फुकट मिळाली," हे म्हणाले. कान लालबुंद.

"माझ्या नातवाला काय बस हाकायला लावणार?" म्हणत विहीणबाईंनी नळी पुढे सरकवली.

युहानने नळी बघितली, बस बघितली, आणि सरळ शेजारच्या तांदळाच्या वड्यांच्या ताटात हात घातला. आम्ही पोट धरून हसलो. हे मात्र बसकडेच बघत राहिले.

"खरं सांगा, पोहायला जाता का?" मी विचारलं.

"मोठ्या गाडीचा परवाना काढला," हे हळूच म्हणाले. "गावबसला चालक हवेत. लहानपणी बंदराच्या बसमध्ये चालकामागची जागा सोडायचो नाही. आई म्हणायची, चालक झालास तर घरात घेणार नाही."

"मग कारखान्याला काय सांगणार?"

"विभागप्रमुख होतो गं मी. लोक काय म्हणतील?"

"सासूबाई वर गेल्या. घर आता माझं आहे, मी घेते तुम्हाला आत," मी म्हटलं. "उचला ती."

ह्यांनी पँटला हात पुसले आणि ती एवढीशी बस दोन्ही हातांनी उचलली. सगळ्यात आधी टाळ्या विहीणबाईंनी वाजवल्या. सोमवारी कारखान्याला नकार गेला.

काल बाजारातून कोबीचे गड्डे घेऊन मी ह्यांच्याच बसमध्ये चढले.

"आजी, धरून बसा, वळण आहे," हे पुढून ओरडले.

"आजी कुणाला म्हणता हो?"

सगळी बस हसली. आरशात ह्यांचं तोंड दिसत होतं. कारखान्यातून इतकी वर्षं घरी येणाऱ्या माणसाचं हे तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. माझा थांबा आला आणि गेला. मी कोबी मांडीवर घेऊन बंदरापर्यंत बसून राहिले.