मामाजी बसत नाहीत

माझे सासरे बसत नसत. आमच्याकडे नागपुरात राहायला आल्यापासून त्यांना बसलेलं पाहिलंय असं कोणी सांगितलं, तर तो माणूस एक तर थापाड्या असायचा किंवा त्यांचा न्हावी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. हे मामाजी पेपर खिडकीशी उभ्याने वाचायचे, चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे, जेवायचे ओट्याशी उभे राहून, आणि पाहुणे आले की सोफ्याच्या मागे उभे राहून त्यांच्या डोक्यावरून गप्पा मारायचे. पाहुणे बिचारे माना वळवून बेजार व्हायचे. ‘मामाजी, बसा ना’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘बसाले का मी म्हातारा झालो?’ वय वर्षे अठ्ठ्याहत्तर.

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत उकिडवं बसून झाडांना आळी करण्यात त्यांचा जन्म गेला आणि गुडघेही तिथेच गेले. मी त्यांना सदर भागातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे दोन तास उभे राहून मामाजींनी रांगेतले सहा पेशंट स्वतःच तपासले आणि प्रत्येकाला वेगळं तेल सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांची झीज झालीय, मांड्यांचे स्नायू ढिले पडलेत, खुर्चीत बसून पाय उचलायचा व्यायाम करा. घरी येताच मामाजींनी मला आणि सासूबाईंना खुर्च्यांवर बसवलं, डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद हातात घेतला आणि स्वतः उभे राहून आकडे मोजू लागले. दोन महिन्यांत सासूबाईंचे गुडघे छान सुधारले.

मला या माणसाचा फार राग यायचा. सारखी येरझार, सारखी चपलांची फटफट. घरात दोन मिनिटं स्वस्थ वाटेना. मग एका दुपारी मी कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, तर मामाजी पलंगाच्या काठावर. खिडकीचा गज धरून उठायला बघत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जमलं. उठल्याबरोबर धोतर नीट केलं आणि मी दिसले. ‘कोणाले सांगू नको वं,’ एवढंच म्हणाले. बसायला हा माणूस भीत नव्हता, उठायला भीत होता. दुखणं त्यांनी सोसलं असतं. कोणी बगलेत हात घालून उठवलेलं सोसलं नसतं.

आणि या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. गावी बुफे होताच, पण वडीलधाऱ्यांसाठी खाली पंगत मांडली होती, आणि घराण्यात सर्वांत मोठे म्हणून पहिलं पान मामाजींचं. नाही म्हणायची सोय नव्हती. भिंतीला धरून ते कसेबसे बसले. मी वाढायला होते. आमच्याकडे पंगतीतला सगळ्यांत मोठा माणूस उठल्याशिवाय बाकी कोणी उठत नाही. जेवणं आटोपली, पानं रिकामी झाली, मामाजी उठेनात. ‘वडाभात आण वं जरासा.’ आणला. ‘कढी राहिली का?’ वाढली. मग बुंदी. मग पुन्हा वडाभात, एरवी अर्धी पोळी खाणाऱ्या माणसाने. वीस म्हातारे उष्टे हात वाळवत बसलेले, दुसऱ्या पंगतीचे लोक दारात ताटकळलेले. मामाजींच्या कपाळावर घाम आला होता. आमचे हे त्यांना उठवायला पुढे सरसावले, तर मामाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागीच थिजले.

मी हातातलं पातेलं बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांदेखत मामाजींसमोर गुडघे टेकून वाकले. खालमानेनेच पुटपुटले, ‘मामाजी, दोन्ही हात खांद्यावर ठेवा. मी उठते, तुम्ही पण उठा.’ मग दोन्ही खांद्यांवर असा भार आला की मला वाटलं, आता मलाच कोणीतरी उठवावं लागणार. ‘सुखी राहाय, पोरी,’ मामाजी मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

आता पंगत उठायला हवी होती. कोणी हलेना. शेवटी टोकाचे एक आजोबा आपल्या सुनेवर खेकसले, ‘तू काहून उभी राहिली वं तिकडे? तुले आशीर्वाद नाही पाहिजे का?’ मग काय, दहा मिनिटं सुना-लेकी वाकत होत्या आणि म्हातारे एकेक करून उगवत होते. फोटोवाल्याने सगळे फोटो काढले. आमच्या घराण्याचे संस्कार म्हणून अजून ते नातेवाइकांत फिरतात.

त्या दिवसापासून मामाजी घरी आमच्याबरोबर पाटावर जेवू लागले. रोज जेवण झालं की मी वाकायची, खांद्यावर भार यायचा, ‘सुखी राहाय’ व्हायचं. मोलकरणीला वाटायचं, काय ही भाविक सून. माझा स्वतःचा डावा गुडघा उठताना कटकट वाजायला लागला होता, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एकदा तो जरा जोरात वाजला. मामाजींनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांनी पाट उचलून भिंतीला लावला आणि स्वतःहून खुर्ची मागितली. ‘म्हातारा झालो वं मी आता,’ म्हणाले, आणि बसले. जेवण झालं, टेबलावर हात रेटून एकटेच उठले. मी सवयीने वाकले. खांद्यावर हात आला, पण त्यात वजन नव्हतं. नुसता आशीर्वाद होता, आणि मला रडू आलं.