वर्खाचा बुद्ध

महायुद्ध संपलं आणि आमचे मालक ब्रह्मदेशाच्या लढाईतून लोणावळ्याजवळच्या औंढ्याला परतले. वळकटीत गुंडाळून त्यांनी हातभर उंचीची लाकडी मूर्ती आणली होती, अंगभर सोनेरी. मांडी घालून बसलेला बुद्ध, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली. तो धरणीला साक्षीला बोलावतोय, असं मालकांनी मला सांगितलं. कान लांबलेले, कारण राजपुत्र असताना त्यात जड कुंडलं होती. ती त्यानं उतरवली. आणि सोनं म्हणजे नुसता वर्ख. तिथली माणसं नवसाचं एकेक पान चिकटवतात. हे त्यांना एका म्हाताऱ्या भिक्षूनं समजावलं होतं.

थोरल्या दिरांना ते पटलं नाही. भाऊ सोनं दडवतोय, असं ते गावभर बोलत राहिले.

भात झोडणीच्या दिवसांत एका दुपारी मी पाणी न्यायला खळ्यावरून घरी आले. दीर पडवीत मूर्ती पायांत धरून कोयत्यानं तिचा चेहरा खरवडत होते. डावा गाल गेला होता, आतलं सागवान दिसत होतं. चिमूटभरही सोनं निघालं नव्हतं. चिडून त्यांनी जमिनीला टेकलेल्या हातावर घाव घातला. तो मनगटापासून तुटला.

मागोमाग मालक आले. मूर्तीचा तुटका हात त्यांनी पाहिला. कोपऱ्यातलं मुसळ उचलून दिरांच्या दंडावर हाणलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दीर आडवे झाले तरी पाठीवर, मांडीवर ते मारतच राहिले. मी मधे पडले. तडाखा माझ्या खांद्यावर बसला, मी कोसळले, तेव्हा कुठे ते थांबले.

भिंतीला टेकून ते खाली बसले आणि सांगू लागले. मूर्तीच्या पोटात हिरे असतील म्हणून त्यांच्या पलटणीतल्या दोघांनी त्या भिक्षूला संगिनीनं भोसकलं होतं. तो मूर्ती सोडत नव्हता. आत काही नाही, हे कळल्यावर त्यांनी ती फेकून दिली, मालकांनी उचलली.

"तवा मी नुसता बघत हुतो," ते म्हणाले. "आज मारताना दादा दिसलाच न्हाई मला."

मग त्यांनीच दिरांना पाठीवर घेतलं आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. फौजदारानं विचारलं, तर दीर म्हणाले, बैलानं पाडलं. घरी येताच मात्र त्यांनी वाटणी मागितली. चूल वेगळी झाली. त्यांचा हात कायमचा वाकडा राहिला, त्यामुळे दरवर्षी त्यांच्या वावरातली लावणी मालकच करत. दीर बांधावर बसून असत. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.