बिंदूवरचं कुंकू

स्वॅब भिजवला आणि कुणालचा फोन आला. "मॅडम, मधला लाल डाग शुक्रवारपर्यंत गेलाच पाहिजे. बिंदू प्लेन काळा हवा."

कुणाल मुंबईच्या एका गॅलरीचा मॅनेजर. मी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे चित्रांची डॉक्टर. म्युझियममधून रिटायर झाले आणि पनवेलजवळ करंजाड्यात स्टुडिओ थाटला. समोरचं चित्र मोरा बंदरातल्या दामोदर कोळ्यांनी काढलेलं होतं. त्रिकोणात त्रिकोण, मधोमध काळा बिंदू, त्यावर तो लाल डाग. दामोदर वारले होते आणि हे एकच चित्र मागे उरलं होतं.

स्वॅब म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस. आधी कडेला टेस्ट घ्यायची, हा नियम. मी हलकेच फिरवला. कापूस लाल झाला, पण सोबत पिवळाही. पिवळं म्हणजे जुनं व्हार्निश. वरून पडलेला डाग असता तर आधी नुसता लाल निघाला असता.

सुटलेला एक कण मायक्रोस्कोपखाली ठेवला. लाल, व्हार्निश, लाल, व्हार्निश. चिरोट्यासारखे पदर.

मोऱ्याला दामोदरांची बहीण हिराबाई मासळी विकते. तिला फोन लावला.

"तो डाग नाय, बाय," ती म्हणाली. "दादा कुणा गुरूच्या मंडळीत होता. दर पुनवेला चित्रासमोर बसायचा. उठला की कुंकवाचं बोट लावायचा, मंग वार्निस मारायचा. आमी त्याला येडा म्हणायचो."

कुणालला कळवलं. तो वैतागला. "कुंकू लावलेलं चित्र मॉडर्न वाटत नाही, मॅडम."

"अमूर्त चित्रं काढणाऱ्या पहिल्या पिढीतल्या कितीजणांना असल्या गूढ पंथांचा नाद होता, ठाऊक आहे? हा बिंदू साधनेतूनच आलाय. कुंकू पुसायचं असेल तर दुसरं कोणी बघा."

गुरुवारी तो स्वतः स्टुडिओत आला. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ पदर मोजत बसला. तेरापर्यंत गेला आणि सोडून दिलं.

"राहू दे," म्हणाला. "कॅटलॉगचा मजकूर तुम्हीच लिहा."

मी लिहिला. चित्र गॅलरीत दारासमोरच्या भिंतीवर लागलं. उद्घाटनाला लोक आधी त्या लाल ठिपक्यापाशीच थांबत होते. मला मनापासून मिरवावंसं वाटलं, आणि मिरवलंही. हिराबाई लुगडं नेसून आली होती. तिने ठिपक्याकडे हात पुढे केला, मग आवरून नुसते हात जोडले.

"दादाचं बोट ऱ्हायलं," ती म्हणाली.

आता दर चित्रासाठी भरायच्या माझ्या जॉब फॉर्मवर एक रकाना वाढलाय: 'डाग कोणी लावला?' तो भरल्याशिवाय मी कापूस भिजवत नाही.