सरकारबाईंची रिकामी टेबलं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी प्रकाशनांची खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे सरकारबाई म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जनगणनेचे खंड, खात्यांचे वार्षिक अहवाल, राजपत्रं, कुठल्या कुठल्या चौकशी समित्यांची बाडं, असा सगळा संसार. आणि तो विषयवार लावलेला नव्हे बरं का, खातेवार! पाण्याबद्दल काही हवं असेल तर ते ज्या खात्यानं छापलं त्या खात्याच्या फळीवर शोधायचं, आणि मधेच खात्याचं नाव बदललं असेल तर नव्या नावाच्या फळीवर. एखादा खंड चुकून शेजारी गेला की तो मेलाच म्हणून समजा.

पुस्तकं जागेवर लावणारे ग्रंथालयाचे कामगार तर दर वेळी शेती आणि जंगल एकत्र करून ठेवायचे. म्हणून बाईंनी वाचकांनाच शिस्त लावली. 'वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत' ही पाटी ग्रंथालयात खोलीखोलीत होती. बाईंनी आपली पाटी कपाटामागे सरकवून दिली. "जिथून काढलंत तिथेच ठेवायचं. पसारा मला खपत नाही." वाचक होते मोजकेच, पण घडवलेले. त्यातले एक भूमापन खात्यातले निवृत्त मोजणीदार तर असे तयार झाले होते, की खंड परत ठेवताना शेजारच्या दोन पुस्तकांच्या पाठीसुद्धा सारख्या करून यायचे.

एवढं सगळं छान होतं, पण लाकडी पार्टिशनच्या पलीकडे अभ्यासिका होती, आणि अभ्यासिका सांभाळायला ती होती. सगळी मुलं तिला ताई म्हणायची. बाई तिला 'पलीकडची' म्हणायच्या. पलीकडचीची टेबलं पुस्तकांनी खच्चून भरलेली, खुर्च्यांना जागा नाही, आणि वर तिचं ते खळखळून हसणं! परीक्षा पास झालेली मुलं तिला पेढे काय देत होती, पेनं काय देत होती. बाईंना कोणी कधी साधं खोडरबर दिलं नव्हतं. "या ना चहाला," ती पार्टिशनच्या दारातून म्हणायची. "हं," बाई म्हणायच्या, आणि चहा एकट्या प्यायच्या. पोटात दुखायचं, दुसरं काय! वयानं लहान, नोकरीत लहान, आणि खिडकीही तिच्याच बाजूला.

अशात ग्रंथपालांनी हुकूम काढला. पार्टिशन हलवायचं. आठवडाभर वापर मोजायचा आणि ज्या खोलीचा वापर कमी, तिची अर्धी जागा दुसरीला द्यायची. उरलेली पुस्तकं तळघरात. तळघराला बारमाही ओल. तिथे गेलेल्या कागदाचा वर्षाच्या आत लगदा होतो, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी त्या कचाकचा भाजी चिरत बसल्या. नवरा म्हणाला, "काय झालं? सरकार अल्पमतात आलं वाटतं." बाईंनी सुरी अशी आपटली की तो पेपर घेऊन बाहेर गेला.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मोजदाद करणारे शिपाईमामा दारात डोकावले, तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "आमचे वाचक मोजले ना सगळे?"

"वाचक कुठे, बाई? मी टेबलावर राहिलेली पुस्तकं मोजतो. जेवढी टेबलावर, तेवढी वाचली. तुमच्याकडे आठवडाभर भोपळा आहे."

करायला गेलं काय आणि झालं काय! लख्ख टेबलं, ज्यांचा आजवर तोरा मिरवला, तीच उलटली होती. मामा संध्याकाळी शेवटची मोजणी करायला येणार होते. मोजणीदार कोपऱ्यात वाचत होते. बाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "आज पुस्तकं इथेच राहू द्या हं."

मोजणीदार हसले. "परीक्षा बघताय होय माझी?" आणि खंड जागेवर ठेवून, पाठी सारख्या करून, ते चहाला गेले.

बाई तडक ग्रंथपालांकडे गेल्या. तिथे "आकडे बोलतात, बाई" एवढंच ऐकून परत आल्या, तर दारातच थबकल्या. खोली माणसांनी भरली होती! मुलं खुर्च्यांवर, मुलं जमिनीवर, टेबलांवर खंडांचे ढीग. एक मुलगी आपल्या गावची जुनी लोकसंख्या शोधून दुसरीला दाखवत होती, "बघ गं, तेव्हा आम्ही एवढेसेच होतो."

"तुम्ही इकडे कशी काय?"

"ताईंनी पाठवलं. म्हणाल्या, खरे आकडे तिकडे आहेत, गाइडं काय वाचता."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी खोली, माझे अहवाल, आणि भरली कुणाच्या कृपेनं? तर हिच्या! डोळ्यांत पाणी आलं ते मुलांना दिसायला नको म्हणून त्या नळावर जाऊन तोंड धूत राहिल्या. बराच वेळ धुतलं.

परत आल्या तेव्हा मुलं निघून गेली होती आणि टेबलं लख्ख होती. मोजणीदार घामाघूम होऊन शेवटचा खंड फळीवर ठेवत होते. "काय ही कार्टी, बाई! तुम्ही हा पसारा बघितला असता तर भोवळच आली असती. सगळं लावलं. शेती आणि जंगलसुद्धा वेगवेगळं." त्यांच्या तोंडावरून अभिमान नुसता ओसंडत होता. बाईंना त्यांच्यावर ओरडवेना.

दारात मामा कागद-पेन्सिल घेऊन उभे. "काय लिहू? भोपळाच ना?"

"अहो मामा, आत्ता टेबलं भरली होती! मुलं वाचत होती!"

"असतील. पण मला दिसायला हवं ना. मोजणीदार तुमच्या घरच्यासारखेच, त्यांची साक्ष कशी धरू? पलीकडच्या ताई म्हणाल्या तर लिहितो."

बाई पार्टिशनच्या दारापाशी गेल्या. इतक्या वर्षांत हे दार त्यांनी आपल्या बाजूनं कधी उघडलं नव्हतं. गेली खोली तर जाऊ दे, असंही एकदा मनात आलं. मग तळघराचा तो कुबट वास आठवला. त्यांनी कडी काढली.

"ताई," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाल्या, "ताई, जरा येता का? मला तुमची साक्ष हवी आहे."

ती हातातलं टाकून धावतच आली. "लिहा मामा, टेबलं ओसंडून वाहत होती! मी स्वतः डोकावून गेले, चाळीसेक तरी खंड असतील." मामांनी लगेच लिहून घेतलं. एका शब्दानं! बाईंनी इतकं घसा फोडून सांगितलं तेव्हा पेन्सिल हलली होती का? पोटात पुन्हा कळ आली ती आलीच.

आभार मानायचे होते. बाईंनी कपाटामागे हात घालून पाटी काढली, पदरानं धूळ पुसली आणि खिळ्याला अडकवली.

"उद्याही पाठवा तुमची पोरं," त्या पलीकडचीकडे न बघता म्हणाल्या. "आणि सांगा त्यांना, वाचलेलं टेबलावरच टाकायचं."

"आणि मी?" मोजणीदारांनी घाबरून विचारलं.

"तुम्हीसुद्धा."

मोजणीदारांनी पाटी वाचली. "मला नाही हो जमायचं, बाई," ते म्हणाले.

"मला तरी कुठे जमतंय," सरकारबाई म्हणाल्या, आणि पलीकडे चहाला गेल्या.