राईतला दरवाजा उघडत नव्हता

आठवा मुलगाही दरवाजापाशी येऊन अडकला, तेव्हा समीरने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "बस झालं. हा चॅप्टर काढून टाकू."

समीर म्हणजे आमचा बॉस. कुसगावात एका भाड्याच्या बंगल्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. बाहेर हॉटेलांच्या पाट्या, आत आम्ही सात-आठ जण भुतांचा किल्ला बांधत बसलेलो. गेमचं नाव 'काजळगड'. डार्क फॅन्टसी, म्हणजे राक्षस, शाप, अंधार, आणि खेळणारा दर पाच मिनिटांनी मरतो. पैसे देऊन लोक हे का करतात, असं माझी आई अजून विचारते. मी क्यूएमध्ये आहे. गेम बाहेर पडण्याआधी त्याच्या प्रत्येक बिल्डमधल्या, म्हणजे कच्च्या आवृत्तीतल्या, चुका शोधणं हे माझं काम. भिंतीतून पाय आरपार जातो का, तलवार हवेत लटकते का, हे बघायचं आणि शीटवर 'पास' किंवा 'फेल' लिहायचं. अकरा वर्षं हेच करतेय.

त्या शुक्रवारी प्लेटेस्ट होती. बाहेरच्या माणसांच्या हातात गेम द्यायचा, आपण मागे उभं राहायचं आणि तोंड शिवून घ्यायचं, याला प्लेटेस्ट म्हणतात. लोणावळ्यातल्या कॉलेजची आठ मुलं आली होती, सगळी असले गेम कोळून प्यायलेली. आणि आठही जण त्या एका दरवाजासमोर फसले. कुणी तलवार मारली, कुणी मशाल लावून बघितली, कुणी भिंतीवर लोळून आदळलं. असल्या गेममध्ये खोट्या भिंती असतात, आदळलं की उघडतात, ही त्यांची जुनी सवय. शेवटी एक जण म्हणाला, "दरवाजा नुसता शोभेचा आहे हो."

तो चॅप्टर आबांचा होता. आबा आमचे लोर लिहिणारे. लोर म्हणजे गेममधल्या जगाची मागची कथा. ती कुणी सांगत बसत नाही. एखाद्या तुटक्या भांड्याखाली दोन ओळी, झाडाच्या बुंध्याशी चार ओळी, अशी विखुरलेली असते. ज्याला हौस असेल त्याने जुळवावी. आबा मावळातल्याच एका गावचे. जन्म फॉरेस्टात वॉचमन म्हणून गेला. संगणकाला हात लावत नाहीत, वहीत लिहून आणतात आणि आम्ही टाइप करतो.

आमच्या गडाच्या किल्लेदाराने मरणच बंद केलेलं असतं. लोक मरत नाहीत, नुसते झिजत राहतात. त्याने असं का केलं, ते कळतं फक्त गडाखालच्या राईत. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल. तिथल्या देवळाचा दरवाजा उघडला की आत किल्लेदाराची मरणाला टेकलेली लेक भेटते, आणि मग त्याला मारायला हात उचलत नाही. हा चॅप्टर गेला की किल्लेदार नुसता राक्षस उरतो. मारा आणि घरी जा.

दरवाजाची युक्ती आबांनी गावातून आणली होती. आमच्याकडे राईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही. चूल पेटवायलाही नाही. गेममध्येही तेच: राईतली एकही वस्तू जवळ नसेल, तरच दरवाजा उघडतो. वाटेवरच्या झाडांखाली हे तीन-चारदा आडून सुचवलेलंही होतं.

समीर चॅप्टर काढायचं बोलला तेव्हा आबा मागे स्टुलावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पोरांनी कायतरी उचललं आसंल."

मुलं एकदम म्हणाली, "नाही हो आबा, काहीच घेतलं नाही!"

समीरने माझ्याकडे बघितलं. "सुजाता, दरवाजा नीट चालतोय ना?"

"प्रत्येक बिल्डमध्ये पास आहे," मी म्हटलं. तेही जरा तोऱ्यात. माझ्या पासवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं.

"मग लिहिण्यातच घोळ आहे. आबा, वाईट वाटून घेऊ नका, पण कुणाला समजतच नसेल तर काय उपयोग? सोमवारी काढू."

आबांनी वही मिटली. "माजंच चुकलं आसंल. आमाला काय, लिवायची सवय न्हाई." आणि टोपी घालून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्यासारखा चहाबाज माणूस चहा न घेता जातो, तेव्हा किती लागलं असेल ते समजावं.

शनिवारभर ते मला खात राहिलं. "काहीच घेतलं नाही" असं सांगणारी मुलं खोटं बोलत नव्हती, मी स्वतः मागे उभी होते. माझा पासही खोटा नव्हता, दरवाजा मी निदान तीस वेळा उघडला होता. मग आठच्या आठ जणांना तो का उघडेना?

रविवारी सकाळी ऑफिसला जाऊन बघायचं ठरवलं. मी राहते वलवणला. एरवी कुसगाव काही लांब नाही, पण रविवारी रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची अशी रांग लागते की स्कूटरला फट मिळत नाही. भजी खायला अख्खी मुंबई वर चढलेली. अर्धा तास एकाच वळणावर उभी राहिले, चार शिव्या हासडल्या आणि घरी परतले. घरच्या लॅपटॉपवर प्लेटेस्टच्या मुलांना दिलेलं बिल्ड होतं. त्यावरच बसले.

त्या बिल्डमध्ये टेलिपोर्ट नसतो. टेलिपोर्ट ही आम्हा आतल्या माणसांची सोय. एक बटण दाबलं की थेट हव्या त्या जागी. दिवसाला शंभर गोष्टी तपासायच्या असतात, कोण चालत बसतंय? मी कायम बटण दाबून दरवाजासमोर उतरायचे. दरवाजा उघडायचा. पास.

त्या दिवशी चालावं लागलं. राईतून देवळापर्यंत चाळीस मिनिटं. अंजनाची झाडं, गारंबीचे वेल, एका उंबराखाली तुटकी घंटा. दरवाजापाशी पोचले. मी काही उचललं नव्हतं, शपथेवर सांगते. दरवाजा ढिम्म हलला नाही.

मग पिशवी उघडून बघितली. आत सतरा हिरडे आणि नऊ वाळक्या काड्या.

 तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी समीरने ऑटो-पिकअप टाकून घेतलं होतं. म्हणजे खाली पडलेल्या वस्तूजवळून गेलं की ती आपोआप पिशवीत येते, वाकायला नको. दर वेळी 'हिरडा मिळाला' असा मेसेज यायचा, तोही कटकट म्हणून त्यानेच काढायला लावला. त्यामुळे राईतून चालणारा प्रत्येक जण नकळत चोर होऊन देवळाच्या दारात उभा राहत होता. आणि टेलिपोर्टने उतरणारी मी तेवढी रिकाम्या पिशवीची! सगळे हिरडे आणि काड्या टाकून दिल्या. दरवाजा करकरत उघडला.

खरं सांगायचं तर पहिला विचार चांगला नव्हता. महिन्याभरात मी क्यूएची लीड, म्हणजे प्रमुख, होणार होते. बग गुपचूप दुरुस्त करून घ्यावा आणि 'नवीन बिल्डमध्ये सापडला' म्हणावं, कुणाला कळणार होतं? पण आबा "माजंच चुकलं आसंल" म्हणाले होते, आणि मी शेजारी उभी राहून ते ऐकून घेतलं होतं. त्याची लाज वाटत होती, अजून वाटते.

सोमवारी समीर आणि आबा दोघांसमोर सांगितलं. "लिहिण्यात घोळ नाही. माझ्या टेस्टिंगमध्ये आहे."

समीर भडकला. "तीस वेळा पास लिहिलंस तू!"

"हो. तीसही वेळा बटण दाबून. आणि ऑटो-पिकअप तुझं आहे, तेही ऐक."

 राईत ऑटो-पिकअप बंद करायचं ठरलं, म्हणजे तिथे ज्याला घ्यायचं असेल त्याने वाकून घ्यावं. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. चॅप्टर राहिला.

मला वाटलं, आबा खूश होतील. पण ते माझ्याकडे वळले.

"म्हंजी सुजाता, तू येकदाबी राईतनं चालत गेली नव्हतीस?"

"नाही, आबा."

"चार म्हैने लिवत होतो म्या. झाड न् झाड. तू रोज पास म्हनायचीस, तवा मला वाटायचं, हिनं बगितलं. हिला आवाडलं."

 मी सॉरी म्हटलं. मग आबांनी स्टूल माझ्या टेबलाशी ओढलं. "चल. आता चाल. म्या सांगतो तितं थांबायचं." त्या दिवशी चाळीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला तीन तास लागले. समीरने दोनदा घड्याळ दाखवलं, आबांनी दोन्ही वेळा चहा मागवला.

गेम बाहेर आला. लीड दुसऱ्याला केलं, आणि ते बरोबरच झालं. खेळणारे आता एकमेकांना सांगतात, राईत कशाला हात लावू नका, लढाई जड गेली तरी हिरडा उचलू नका. काहींना तो दरवाजा अजून सापडलेला नाही. ते चालेल, शोधतील.

आमच्या टेस्टिंगच्या शीटमध्ये 'पास'च्या शेजारी मी एक रकाना वाढवलाय: 'चालत गेलो?' काम तुंबलेलं असलं की मी अजूनही बटण दाबते आणि तिथे 'नाही' लिहिते. पण आता लिहिते.