पुरं ऐकणारा वकील

बोललेल्या शब्दावरून गुन्हा दाखल झालेला माणूस आला, की वासुदेव शेंडे त्याचा कागद न वाचताच टेबलावर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "कागद मंग पाहू. तू काय बोलला ते म्हण. जसं बोलला तसंच म्हण, अन् पुरं म्हण." मग गोंडपिपरीच्या कोर्टाच्या आवारात, टिनाच्या शेडखाली, भर दुपारी कोणी भजन म्हणे, कोणी प्रवचन देई. एकदा एका पाद्र्याने डोळे मिटून अख्खी प्रार्थना म्हटली. पोलीस वळून पाहत. वासुदेव हनुवटी तळहातावर टेकून ऐकत बसे. मध्ये एक शब्द बोलत नसे.

माझं टेबल त्याच्या शेजारीच. आम्हा दोघांना वकिलीची सनद एकाच वर्षी मिळाली. मी वनखात्यातल्या रेंजरचा मुलगा, शिक्षण नागपूरचं. तो तलावावर मासे मारणाऱ्या घरचा. सकाळी बापासोबत जाळं ओढून, अंघोळ करून मोटरसायकलने कोर्टात यायचा. माझे अर्ज त्याच्यापेक्षा चांगले असत, हे तोही मान्य करी. पण फाटकातून आत आलेला माणूस माझ्या टेबलापाशी थांबून विचारी, "वासुभाऊ कुठी बसते जी?" मी बोट दाखवी. किती वर्षं मी नुसतं बोट दाखवत होतो! पोटात जे जळे त्याला मी बरीच नावं दिली. तो मत्सर होता.

एका उन्हाळ्याच्या शेवटी तालुक्यातल्या भजनी मंडळाचे मनोहरबुवा माझ्याकडे आले. त्यांच्या मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. जंगलातल्या एका गोंड गावचा भूमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी, जत्रेतल्या पूजेत गोंडीत बोलत होता. नाव बिरजू पेंदाम, वय सत्तरीच्या पुढे. "तुमचा देव कुलुपात राहतो. आमचा साजाच्या झाडात राहतो. ज्याला कुलूप लागतं तो देव कसा?" खाली मराठी अर्थ लिहून ती चित्रफीत गावोगाव फिरली होती. बुवांना धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार करायची होती.

मी विचारलं, "याच्या पुढचं-मागचं आहे का?" बुवांनी पूर्ण भाषण पाठवून दिलं. त्यांना गोंडी येत नव्हती. मला येत होती, वडिलांच्या नोकरीमुळे माझं बालपण त्या गावांमध्येच गेलं. मी घरी बसून सगळं ऐकलं. कुलुपाच्या वाक्याआधी म्हाताऱ्याने तलाववाल्यांच्या जाळ्यात मासे येवोत, देवळात जाणाऱ्यांची लेकरं सुखी राहोत, असं मागणं मागितलं होतं. नंतर म्हटलं होतं, "त्यांचा देव त्यांना गोड, आमचा आम्हाला."

बुवांना हे सांगितलं असतं तर ते तिथेच शांत झाले असते. मी सांगितलं नाही. भूमकाची केस वासुदेवकडेच जाणार हे मला ठाऊक होतं आणि एकदा, एकदाच, मला त्याला हरवायचं होतं. मी अर्ध्या मिनिटावर तक्रार लिहून दिली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत नेटका मसुदा असेल.

बिरजूला अटक झाली. जामीन नाकारला गेला. ते दिवस पेरणीपूर्वीच्या पंडुमचे, बियाणाच्या पूजेचे होते. भूमकाने बियाणाला हात लावल्याशिवाय त्या गावात कोणी दाणा टाकत नाही. भूमक चंद्रपूरच्या तुरुंगात, आणि नांगर धरून बसलेलं गाव त्याची वाट पाहतंय. माझ्या मोबाईलमध्ये पूर्ण भाषण होतं. मी रोज कोर्टात जात होतो, चहा पीत होतो.

अकराव्या दिवशी वासुदेवला त्या गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये पूर्ण भाषण सापडलं. जामीन झाला. मग मी तडजोड सुचवली. भूमकाने लेखी माफी मागावी, बुवा केस पुढे रेटणार नाहीत. वासुदेवने बिरजूला माझ्यासमोरच सगळं समजावलं. "माफी लिहून देल्ली तं केस आजच संपली. नाई तं दोन-तीन वर्षं तारखा, अन् हारलो तं जेल. तू ठरव."

म्हाताऱ्याने विचारलं, "माफी कोन्त्या शब्दाची?"

"कुलुपाच्या."

"तो शब्द देवाच्या पूजेत बोललो. तो मांगं घेतला तं पूजा मांगं घेतली ना भाऊ. मंग गाव कोनाच्या हातानं पेरन?"

वासुदेव माझ्याकडे वळला. "झालं. लढू आमी."

कोर्टात त्याने दुभाषी मागितला आणि सगळं भाषण वाचून घेतलं. त्याचा युक्तिवाद साधा होता. माझा देव मोठा म्हणताना प्रत्येक भक्त दुसऱ्याचा थोडा लहान करतोच. कायद्याला हवा आहे तो जाणूनबुजून केलेला द्वेष. तो कुठे आहे? बिरजू दोषमुक्त झाला. मी फाईल बांधताना वासुदेव म्हणाला, "तुया मसुदा झकास होता." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांनी मनोहरबुवाच अडकले. भजनाच्या बैठकीत ते म्हणाले, कोंबडं अन् मोहाची दारू मागतो तो देव नव्हे, ते अज्ञान. गोंड पोरांनी तक्रार केली. बुवा माझ्याकडे धावत आले. मी तब्येतीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे वातावरण तापलं होतं आणि मला भीती वाटत होती. बुवा मान खाली घालून शेजारच्या टेबलापाशी गेले. वासुदेवने कागद पालथा ठेवला. "म्हणा बुवा. पुरं म्हणा."

बिरजूच्या निकालानंतर ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच त्याच्या टेबलाकडे पाठ फिरवली. कोणीतरी त्याच्या मोटरसायकलची सीट फाडली. मी म्हटलं, "काऊन अंगावर घेतोस?" तो म्हणाला, "बिरजूसाठी मांगतलं ते बुवाले नाई म्हणू का? देवावर कोनी काईबी बोलो, देव पाहून घेईन. माणसाले मारा म्हणन, त्याचं घर पेटवा म्हणन, तो माझ्याकडं येऊ नये." आणि खरंच, तसं बोलणारा एक पुढारी गाडी घेऊन आला होता. त्याचंही बोलणं वासुदेवने पुरं ऐकलं आणि हात जोडून त्याला परत पाठवलं.

बुवा सुटले, ते बिरजूमुळे. म्हातारा स्वतः साक्षीला आला. "त्याले बोलू द्या साहेब. त्याच्या बोलन्यानं माझ्या देवाले ताप येत नाई." कोर्टात हशा पिकला. त्या दिवशी फाटलेल्या सीटवर बसून घरी जाणाऱ्या वासुदेवचाही मला हेवा वाटला. माझी सीट शाबूत होती. ती फाडावी असं काही मी केलंच नव्हतं.

गेल्या वर्षी त्याचं यकृत निकामी झालं. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता. मी सगळं सांगून टाकलं. भाषण माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं हे, आणि का दडवलं तेही.

"हे मले काऊन सांगून राह्यला? जेलात मी होतो का? त्याले सांग."

पुढच्या आठवड्यात तो गेला. स्मशानात भजनी मंडळी होती, गोंड गावांतली माणसं होती, तलाववाले होते. माझ्या वेळी एवढे येतील का, हा विचार तिथेही माझ्या मनात आला. लाज वाटते, पण आला.

दोन महिने मी टाळलं. मग एका सकाळी बिरजूच्या अंगणात जाऊन उभा राहिलो आणि उभ्या-उभ्याच सांगितलं. म्हातारा बांबूच्या कामट्या सोलत होता. त्याचा हात थांबला.

"तुले वासुभाऊनं पाठवलं का?"

"हो."

"तरीच." त्याने कामटी खाली ठेवली. "माझे अकरा दिवस गेले तं गेले. पन गाव पेरनीले थांबलं होतं. मी माफ करनारा कोन? गावाले सांग."

त्याने माणसं बोलावली. बाया कमरेवर लेकरं घेऊन आल्या, शेतातले पुरुष चिखलाच्या पायांनी आले. सगळे झाडाखाली बसल्यावर बिरजूने माझ्याकडे हात केला. "हा वासुभाऊचा माणूस होय. याले काई सांगाचं आहे."

पोटातलं ते जुनं जळणं पुन्हा एकदा उठलं. वीस वर्षं वकिली करूनही त्या गावात माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि आता कळत होतं तेही त्याच्या नावाने. मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. मग तो विचार सोडला आणि सरळ त्या अकरा दिवसांच्या गोष्टीपासून बोलायला सुरुवात केली.