दोन सीटरला जीपचं इंजिन

हसनभाईंनी हब लेथच्या जबड्यात पकडला, टूल जवळ आणलं आणि मशीन सुरू न करता माझ्याकडं बघितलं.

"चौगुले, कापू का? एकदा कापला की ब्रेकचा जुना ड्रम यावर परत बसायचा न्हाई."

हब म्हणजे चाक ज्याच्यावर आवळतात तो मधला लोखंडी भाग. पुढच्या दोन चाकांचे दोन हब मी पिशवीत घालून त्यांच्याकडं आणले होते. अष्टमीची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या धंद्यात त्या दिवशी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पूजतात, पण त्यांना हातात धरून काम करत नाहीत. कराडातला एकही लेथ त्या दिवशी फिरायचा नाही. हसनभाईसुद्धा लेथला झेंडूचा हार घालून वर्कशॉपला कुलूप लावायचे, ते दसरा उलटल्यावर काढायचे. म्हणजे हब आत्ता कापले, तर बाकीचं काम दसऱ्यानंतर, आणि तोवर गाडी ठोकळ्यांवर. गाडीच्या फौजी मालकाची रजा मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. तेव्हा काय उत्तर द्यायचं हा प्रश्न लेथचा राहिला नव्हता.

गाडी मूळची पलूसजवळच्या एका ऊस बागायतदाराची. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचे ट्रॅक्टर, त्यांचे ट्रक, सगळं दुरुस्तीला माझ्याकडं. माझं निम्मं गॅरेज त्यांच्या जिवावर चालायचं म्हटलं तरी चालेल. त्यांचे चिरंजीव धनाजीराव फौजेत कॅप्टन होते. तात्यांनी फार पूर्वी एका संस्थानच्या दिवाणाकडून विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच सीट, वरून उघडी, लांब नाक, तारांची चाकं. लहानपणी धनाजीराव तिच्यात बसून तोंडानं हॉर्न वाजवायचे. पुढं तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. ते तडकलं की विषय संपला. परदेशी पार्ट मागवणं त्या काळी आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. गाडी गोठ्यात गेली आणि तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या चढल्या.

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी धनाजीराव लांब रजेवर आले, ते सामान घरी टाकून सरळ माझ्या गॅरेजात. मागं ट्रकमध्ये ती गाडी आणि तिच्याशेजारी जीपचं इंजिन. मिलिटरीच्या भंगाराच्या लिलावात घेतलेलं, पण धडधाकट.

"अण्णा, हे हिच्यात बसवायचं."

"हे? आवं, निम्मी गाडी ह्याच्यातच जाईल."

"म्हणूनच आणलंय. जुन्यापेक्षा दीडपट ताकद हाय."

मग त्यांनी कारण सांगितलं. सावंत नावाचा त्यांचा दोस्त, एकाच कंपनीतला, लढाईत एक पाय गमावून चिपळूणला घरी बसला होता. बंकरमध्ये धनाजीरावांनी त्याला शब्द दिला होता, की माझी गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरून तुला फिरवायला येतो. दसऱ्याच्या दिवशी यायचं ठरवलं होतं. आमच्याकडं दसऱ्याला गावची शीव ओलांडतात. त्यांना ती घाट उतरून ओलांडायची होती.

मला काम बघताक्षणी आवडलं. वर्षभर ट्रॅक्टरच्या क्लच प्लेटा बदलणाऱ्या माणसाच्या वाट्याला असं काम कधी येतं?

इंजिन बदलणं म्हणजे एक काढून दुसरं ठेवणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जीपचं इंजिन जड आणि उंच. ते ज्या रबरी टेकूंवर बसतं, त्यांना आम्ही माउंटिंग म्हणतो. त्यांच्या लोखंडी बैठका चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, नव्या जागी वेल्ड कराव्या लागल्या. रेडिएटर छोटा पडत होता, तो बदलला. खरी गोम गिअरबॉक्सची. इंजिनाची बोल्टांची भोकं एकीकडं, गिअरबॉक्सची दुसरीकडं. दोघांची गाठ घालायला मध्ये जाड लोखंडी प्लेट लागते. तिचा मध्य केसभर चुकला तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग रडायला लागतं. हसनभाईंनी पहिली प्लेट स्वतःच भंगारात टाकली आणि दुसरी केली. शेवटी बॉनेट लागेना, म्हणून ते कापून वर पत्र्याचा उंचवटा ठोकला. गाडीला उंटाची मदार आल्यासारखं दिसत होतं.

धनाजीराव रोज यायचे. बाह्या वर करून रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे. दुपारी डबा उघडला की पहिली भाकरी माझ्या हातावर. कॅप्टन असल्याचा तोरा नाही. हा पोरगा मला आवडू लागला होता आणि म्हणूनच पुढचं अवघड गेलं.

इंजिन सुरू झालं तेव्हा गॅरेजची पत्र्याची भिंत थरथरली. आम्ही गाडी पुणे रस्त्याला काढली. काय पळत होती! पाय ठेवायचा अवकाश, पाठ सीटला चिकटायची. धनाजीराव लहान मुलासारखे हसत होते. मी त्यांना म्हटलं, आता वेग धरा आणि मी सांगितलं की कचकन ब्रेक मारा. पहिल्यांदा गाडी छान थांबली. लगेच पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. या खेपेला थांबता थांबता लांब गेली. तिसऱ्यांदा जळका वास आला. पेडल दगडासारखं कडक, धनाजीराव त्यावर जवळजवळ उभे, आणि गाडी आपली चाललीय. ज्या पुलाच्या अलीकडं थांबायचं, त्याच्या पलीकडं जाऊन थांबली.

यात गूढ काही नाही. चाकाच्या आत ड्रम असतो, म्हणजे लोखंडी भांडं समजा. ब्रेक मारला की आतून दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, त्याला घासतात. घासलं की तापतं. फार तापलं की शू पकड सोडतात, थंड झाले की परत धरतात. जुन्या हलक्या इंजिनाला ते ड्रम पुरत होते. आता नाकावर ओझं वाढलं आणि वेगही वाढला, ड्रम मात्र तेवढेच. घाट उतरताना तर ब्रेकला थंड व्हायला सवडच मिळत नाही.

मी मोठ्या गाडीचे रुंद ड्रम शोधायला लागलो. ते मिळाले, पण अष्टमीच्या सकाळी. ते बसवायचे तर हब कापून बारीक करायला हवे, नवी भोकं पाडायला हवीत. दसऱ्याआधी होण्यासारखं नव्हतं.

"मग जुनेच ठेवा," धनाजीराव म्हणाले. "रजेचे दोन दिवस हातात हाईत. सावंत वाट बघतोय. मी सावकाश उतरीन."

"सावकाश? ह्या गाडीत? तुमी?"

ते हसले. "अण्णा, मी बर्फात जीप चालवलीय. एका बाजूला दरी अन् वरनं गोळे पडतेत."

"ती जीप व्हती. तिचं ब्रेक तिच्या इंजिनाला बघून केलेलं. ह्या गाडीला इंजिन जीपचं अन् ब्रेक खेळण्यातलं."

"थंड झाल्यावर धरतात ना? मग मधी थांबत जाईन."

"आन् वळणावर तापलं तर?"

यावर ते चिडले. "गाडी माझी हाय. उद्या सकाळी जुने ड्रम चढवून तयार ठेवा." आणि निघून गेले.

मला त्यांच्या चाकरीची माहिती नव्हती असं नाही. परत गेल्यावर पुन्हा कधी येतील, येतील की नाही, कुणी सांगावं? एका पायाच्या दोस्ताला दिलेला शब्द. त्यातून तात्यांचं घराणं म्हणजे माझी भाकरी. जुने ड्रम चढवणं तासाभराचं काम होतं. मी दुपारभर गॅरेजात येरझाऱ्या घातल्या, विनाकारण दोन माणसांवर ओरडलो, आणि मग हब पिशवीत घालून हसनभाईंकडं गेलो.

"कापा," मी म्हणालो.

हसनभाईंनी स्विच दाबला. कातलेल्या लोखंडाची पहिली चकली खाली पडली आणि मागं फिरायची वाट राहिली नाही. तेच मला हवं होतं.

खंडेनवमीला सकाळी मी पान्यांना आणि जॅकला कुंकू लावत होतो, तेव्हा बापलेक आले. गाडी चार ठोकळ्यांवर, पुढची चाकं गायब. धनाजीराव गाडीभोवती एक चक्कर मारून बाहेर जाऊन उभे राहिले. तात्या मात्र भडकले.

"चौगुले, तुमाला मालकानं काय सांगितलं व्हतं?"

"जुने ड्रम चढवा म्हणून."

"मग?"

"तात्या, त्या ब्रेकवर मी माझ्या पोराला घाटात पाठवलं नसतं. तुमच्या कसं पाठवू?"

"माझं पोरगं परवा सरहद्दीवर चाललंय! तिथं कोण ब्रेक तपासून देतंय त्याला? एक हौस व्हती त्याची. तीबी तुमी होऊ दिली न्हाई."

मी कुंकवाची वाटी खाली ठेवली. तात्या जाताना म्हणाले, "ट्रॅक्टर आजच घेऊन जातो." आणि पूजा झालेला, कुंकू लावलेला ट्रॅक्टर त्यांच्या ड्रायव्हरनं अर्धवट कामासकट ओढून नेला.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी धनाजीराव एकटेच आले. मी गॅरेजच्या मागंच राहायचो. त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली.

"सोनं घ्या, अण्णा."

मी घेतलं, उलट त्यांना दिलं. ते गाडीकडं बघत होते.

"जरा बसू?"

"गाडी तुमचीच हाय."

ते बसले. किल्ली फिरवली. इंजिन गरजलं. त्यांनी क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि ठोकळ्यांवर उचललेली मागची चाकं हवेत फिरायला लागली. दुसरा गिअर. तिसरा. नजर सरळ समोर, गॅरेजच्या भिंतीवर. हात स्टिअरिंगवर, पुढं चाकं नसताना वळणं घेत होते. मी दाराला टेकून बघत राहिलो.

"पाटण गेलं मागं," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं, ते चिपळूणच्या वाटेवर होते.

"आता पुढं घाट हाय," मी ओरडलो. "गिअर खाली घ्या."

त्यांनी गिअर खाली घेतला. वळणं घेत घेत सगळा घाट उतरले. मग इंजिन बंद केलं, चाकं थांबेपर्यंत बसून राहिले आणि उतरून म्हणाले, "सावंतला कळवतो, पुढच्या खेपेला." दुसऱ्या दिवशी ते गेले.

ब्रेक मी दिवाळीच्या आत पुरे केले. पुढं मोठे ड्रम, मागं नवे शू, सगळ्या पाइपलाइनी नव्या. रिकामा वेळ भरपूर होता, कारण तात्यांचं काम गेलं होतं. मी बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण रेडिओवर सीमेवरची बातमी लागली की मी हातातलं काम सोडून ऐकायचो. या माणसाला काही झालं, तर त्याच्या नशिबी त्या गाडीतली तेवढीच एक सहल, तीही हवेत, आणि ती माझ्यामुळं. बायको म्हणायची, कुणाच्या पोराची एवढी काळजी? मी तिच्यावर खेकसायचो. खरं तर मला भीती वाटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी दारात धनाजीराव. काळे पडलेले, पण धड. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पहिलं वाक्य काय बोललो तर, "रजा लवकर मिळाली व्हय?"

"चला अण्णा, चिपळूणला."

"आवं, दोनच सीट. तिथं फिरवताना सावंतसाहेब कुठं बसतील?"

"येताना तुमी यष्टीनं या."

घाटमाथ्यापर्यंत त्यांनी गाडी नुसती उडवली. उतार लागल्यावर मी दाराची कड धरली. वळणामागून वळण, प्रत्येक वळणावर ब्रेक. सावकाश उतरणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. मी नाकानं वास घेत होतो. वास येत नव्हता.

निम्म्या घाटात एका आंधळ्या वळणावर बंद पडलेला ट्रक निघाला. चाक काढलेलं, मागं दगड लावलेले, आणि ट्रकच्या सावलीत, भर रस्त्यात, ड्रायव्हर आणि क्लीनर जेवायला बसलेले. पलीकडून बस चढत होती. धनाजीरावांनी पाय दाबला. चाकं किंचाळली, गाडीचं नाक खाली झुकलं आणि आम्ही थांबलो. ड्रायव्हरच्या हातातली भाकरी तोंडापाशी तशीच राहिली होती. आमच्या बंपरपासून त्याचं ताट मी वाकून उचललं असतं.

बस निघून गेली. धनाजीरावांनी रुमालानं तोंड पुसलं, एक लांब श्वास घेतला आणि गाडी बाजूनं काढली. दोन वळणं गेल्यावर म्हणाले, "अण्णा, एक सांगू?"

"सांगा."

"इंजिन लय भारी बसवलंय तुमी."

चिपळूणला सावंत कुबड्या घेऊन अंगणातच उभे होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मग धनाजीरावांनी बॉनेट उघडलं आणि दोघंही डोकी आत घालून कितीतरी वेळ जीपचं इंजिन बघत बसले. चाकाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी एकटाच खाली बसलो आणि ड्रमला हात लावून पाहिला. चांगलाच तापला होता.

मी यष्टीनं परत आलो. तात्यांचे ट्रॅक्टर पुन्हा कधी माझ्याकडं आले नाहीत. या धंद्यात एवढी वर्षं काढली; इंजिनाची तारीफ करणारी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली, ब्रेकची करणारं अजून एकही भेटलेलं नाही. ब्रेक नीट लागले असतील, तर ते असंच व्हायला हवं.